उजवी बाजू

आमच्या सूनबाईला, मोनालीला, पाव्हण्यारावळ्याची रीतच नाय. वकील झाली म्हणून काय झालं, "आई, मी नसताना कुणाला दार उघडू नका," असं सासूला बजावायचं असतं व्हय? गेल्या उन्हाळ्यात आमचे मालक उन्हाच्या लाटेत रानातच गेले. धुरानं हे ऊन वाढणार, हे तेल-कोळसा विकणाऱ्या कंपनीला आधीच ठाऊक होतं म्हणं. म्हणून मोनालीनं माझ्या नावानं कंपनीवर केस घातली. तवापासून तिला दारातला प्रत्येक माणूस चोर दिसतो.

काल दुपारी एक जण आला. मी रीतीप्रमाणं गाव विचारलं. कन्नड गावचा म्हणाला. माझं माहेरच ते. मग चहा ठेवला, घरचं सगळं सांगितलं, नात संस्कृती कोणत्या शाळेत जाते ते बी. निघताना तो माझ्या पाया पडला आन हळूच बोलला, "मावशी, संस्कृती रिक्षात उजव्या बाजूला बसते. तिकडं दार नाय, गाड्या घासून जातात. केस मागं घ्या."

ती कुठल्या बाजूला बसते, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी मोनालीनं ऐकलं आन खाली बसली. "मागं घेते, आई," एवढंच म्हणाली.

"रीत तुझीच खरी होती, मोनाली," मी म्हणाले. "पण केस माझ्या नावची हाय, ती मागं घ्यायची नाय. उद्यापास्नं रिक्षात उजव्या बाजूला मी बसणार."