फुकटची वकील

मुलाला बालगृहात नेलं तेव्हापासून नवरा तिला एकच बजावत होता. "सरकारने फुकटात वकील दिली म्हणजे ती त्यांचीच माणूस. तुझ्याकडून काढून घेईल आणि तिकडे ओकेल. तू चकार शब्द काढू नकोस." तिलाही ते पटलं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात ही बाई समोरच्या वकिलाशी हसून बोलताना तिने स्वतः पाहिली होती.

आज वकीलबाईंनी नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं. ती आणखीच सावध झाली.

"मुलाचा हात कसा मोडला?"

"पलंगावरून पडला."

"तेव्हा घरी कोण होतं?"

"मीच होते."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, मी फक्त तुमची वकील आहे. तुमच्या नवऱ्याने स्वतःसाठी वेगळा वकील केलाय. माहीत आहे ना?"

तिला माहीत नव्हतं.

"त्यांचं म्हणणं आज कोर्टात आलं. मुलाचा हात आईने रागाच्या भरात पिरगळला, म्हणून मूल एकट्या बापाच्या ताब्यात द्या, असं ते म्हणतायत."

बाहेर चपलांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. ती मग उठली, दाराला आतून कडी घातली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"लिहून घ्या, ताई," ती हळूच म्हणाली. "मी त्या दिवशी कामावर होते."