खसखशीएवढा दाणा

दिवेलागणीला इंदुमतीबाईंनी सवयीने खुर्चीत मान मागे टाकली आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यात खसखशीएवढा दाणा बसवला होता. डोळ्यातला दाब वाढला की तो आपणहून औषध पाझरवायचा. काचबिंदूच्या थेंबांची बाटली कायमची सुटली होती.

यजमान मात्र रिकामे हात चोळत उभे होते. उभा जन्म सोनारकामात गेलेला माणूस, पण पहिला थेंब त्यांनी बायकोच्या नाकावर पाडला होता! मग खालची पापणी ओढून, बाटली डोळ्याला न टेकवता थेंब सोडायला ते शिकले. थेंब पडला, की मिटल्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरायचे, म्हणजे औषध घशात उतरत नाही. एकही संध्याकाळ त्यांनी चुकवली नाही. म्हणून तर आज त्यांच्या भुवईतला पांढरा केससुद्धा इंदुमतीबाईंना दिसत होता.

"अहो, या ना इकडे."

"आता कशाला? दाणा आहे की."

"दाण्याला बोट कुठाय?" म्हणत इंदुमतीबाईंनी डोळे मिटून घेतले.