तळातलं पाकीट

"आज ट्रे रिकामा करायचा," कोट खुंटीला अडकवता अडकवता साहेबांनी जाहीर केलं. दाराबाहेर पत्रं टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली.

"कुठला ट्रे?"

"माझ्या टेबलावरचा. दुसरा कुठला?"

"आजच? एवढी कसली आग लागलीय, साहेब?"

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात साहेबांना पाठीमागे 'उद्यासाहेब' म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी चाललं असतं. रागावायचं कामही त्यांनी उद्यावरच ढकललं असतं. पण आज शनिवार होता, आणि सोमवारपासून त्यांच्या खुर्चीत त्यांची लेक बसणार होती. चालढकल कशी सोडावी याचं तिने दोन दिवसांचं शिबिर केलं होतं आणि काल जेवताना त्याचा अर्क बापाला पाजला होता. "बाबा, ज्या कामाची सगळ्यांत जास्त धास्ती वाटते, ते आधी उरकायचं."

साहेबांना ते मनापासून पटलं. त्यांना धास्ती कशाची, तेही पक्कं ठाऊक होतं. ते काम ट्रेच्या अगदी तळाशी होतं. म्हणून त्यांनी वरून सुरुवात केली.

एकोणीस वर्षांपूर्वी बाईंनी त्यांच्यासमोर एक बंद पाकीट ठेवलं होतं. "राजीनामा आहे. सवडीने बघा." बाई तेव्हा तिशीच्या, एकट्या. दूरच्या शहरात त्यांचे दादा होते. वहिनींना तिसरं मूल होणार, घरात आपलं माणूस हवं, म्हणून दादांनी नोकरी सोडून ये असा निरोप धाडला होता. एवढी चोख बाई गेली तर पत्रव्यवहार कोण बघणार, हा प्रश्न साहेबांना पडला. विचार नको म्हणून त्यांनी पाकिटावर एक फाइल ठेवली. तिच्यावर दुसरी बसली.

मग दादांचे फोन सुरू झाले. तेव्हा फोन एकच, तोही साहेबांच्या टेबलावर. बाई उभ्यानेच बोलत. "मी तरी काय करू, दादा? पाकीट साहेबांच्या पुढ्यात आहे. सही झाल्याशिवाय कशी निघून येऊ?" साहेब मान खाली घालून टोकदार पेन्सिलीला पुन्हा टोक करत. पुढे फोन महिन्याने येऊ लागले, मग वर्षाने, मग थांबले. बाईंनी तो विषय काढला नाही. रोज सकाळी ट्रे पुसताना मात्र सगळा गठ्ठा उचलून पाकीट न चुकता तळाशीच ठेवायच्या. क्रम बिघडू नये म्हणून, असं त्या म्हणत. साहेबांना तो रोजचा चिमटा वाटे.

आपल्या आळसापायी एका बाईचं भरलं घर हुकलं, ही बोच घेऊन घरी बसायची त्यांची तयारी नव्हती. आज पाकीट उघडायचं, तिच्यादेखत, आणि माफी मागायची.

वरचा गठ्ठा हलेना. कागद चिकट नव्हते, आठवणी होत्या. सरबतवाल्याचं पत्र निघालं: झाकणं हिरवी हवीत, पोपटी नकोत. तो सरबतवाला जाऊन आता दहा वर्षं झाली. सहलीचा फोटो निघाला. त्यात सगळे हसत होते आणि साहेबांचे डोळे मिटलेले.

"तेव्हाही झोपलातच," बाई मागून म्हणाल्या.

"तुम्ही कधी आलात?"

"चहा ठेवला. शिवाय या चार फाइली. जाण्याआधी नजरेखालून घाला."

"कधीच्या आहेत?"

"जुन्याच. पण बघायला हव्यात."

एरवी त्या कामासाठी त्यांच्या मानगुटीवर बसत. आज दर तासाला नवं काहीतरी आणून ठेवत होत्या. साहेबांना भरून आलं. त्यांना वाटलं, आपलं जाणं हिला जड जातंय.

बाई आपल्या टेबलाशी परतल्या, की त्यांच्या खुर्चीची 'टक्' ऐकू यायची. पुढे वाकल्या, की टक्. मागे रेलल्या, की टक्. खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असायची. ती चेपली की बाई नवी घालत. त्या आवाजावर साहेबांना घड्याळ लावता आलं असतं. घरी तो ऐकू येणार नव्हता.

पावणेपाचला ट्रेमध्ये एकच वस्तू उरली. पाकीट पिवळं पडलं होतं.

"बाई, जरा आत या."

"सुटायची वेळ झाली, साहेब. उरलेलं उद्या बघा."

"उद्या रविवार. परवा मी नाही."

बाई दारात आल्या. साहेबांच्या हातात पाकीट पाहून त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागल्या. तो स्वच्छच होता.

"तुमचा मी मोठा गुन्हेगार आहे," साहेब म्हणाले. "त्याच दिवशी सही केली असती तर आज दादांच्या घरात असता. भाचरं अंगाखांद्यावर वाढली असती. माझ्या उद्या-उद्यात तुमची एकोणीस वर्षं गेली."

"झालं गेलं. आता नका उघडू ते."

"नाही, बाई. आयुष्यात एक काम तरी पुरं करू द्या."

"मी म्हणते, इतकी वर्षं राहिलंय, तर आणखी..."

साहेबांनी पाकीट फाडलं. आतली घडी उलगडली. वर एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख होती, खाली बाईंची सही. मधे टाइप केलेल्या दोनच ओळी होत्या.

"माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड असल्यामुळे ती डुगडुगते. अजून पुष्कळ वर्षं इथेच बसायचं आहे, तरी नवी खुर्ची मिळावी, ही विनंती."