छर्र्याची जागा

फौजदाराने सायकलचा छर्रा फळीवर टाकला. तो घरंगळत जाऊन पान्याला अडला. त्याला रक्त लागलेलं होतं.

"माझ्या शिपायाच्या डोळ्यातून काढलाय," फौजदार म्हणाला. "तुझाच ना?"

बुधाजीचे दोन्ही हात ग्रीसने माखले होते. वरळीच्या सिल्वेस्टरची सायकल त्याच्यासमोर उलटी उभी होती. मागचं चाक कितीतरी दिवस करकरत होतं, म्हणून त्याने ते काढून खोललं होतं. झिजलेले छर्रे फळीखालच्या डब्यात टाकले होते. चाकाच्या मधल्या हबच्या दोन्ही वाट्यांत ग्रीस भरून नवे छर्रे एकेक करून चिकटवले होते. आता फक्त मधला एक्सल घालून कोन, म्हणजे छर्र्यांवरचा शंकूसारखा नट, आवळायचा राहिला होता.

बाहेर डिलाईल रोडवर विटा-दगडांचा खच पडला होता. नाक्यावर टायर जळत होते. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं वरून ठरलं आणि गिरणगाव पेटलं. परवा याच फौजदाराने बार काढायचा हुकूम दिला. त्यात बुधाजीचा मेहुणा माधव जागीच गेला. बंदूक बघून तो वळला होता. गोळी पाठीत लागली. माधवची बहीण बकुळा, म्हणजे बुधाजीची बायको, तेव्हापासून दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून बसायची. रडायची नाही, बोलायची नाही; मधूनच उठून वर जाऊन यायची. आत्ताही तशीच बसली होती.

छर्रा जुना आहे, हे बुधाजीला बघताक्षणी कळलं. अंगावर खड्डे, एक बाजू झिजून चपटी. पण तसं म्हणावं तर खालचा डबा बाहेर निघणार, आणि डबाभर जुने छर्रे दिसले की खेळ खलास. तो एवढंच म्हणाला, की सायकलवाले गिरणगावात पैशाला पासरी आहेत, साहेबांनी सगळीकडे विचारावं.

फौजदाराने चाक उचललं आणि वाटीत डोकावून पाहिलं. छर्रे ओळीने बसले होते आणि मध्येच थोडी जागा रिकामी होती.

"हा बघा," तो शिपायांना म्हणाला. "इथलाच उपटलाय."

बुधाजीने हात जोडून सांगितलं, की वाटी कधी गच्च भरत नाहीत. थोडी जागा सोडावीच लागते, नाहीतर छर्रे फिरत नाहीत. फौजदाराने मान हलवली, जणू पटलंच. मग दोघांना खूण केली. त्यांनी बुधाजीचा उजवा पंजा फळीवर पसरून दाबून धरला. काठी खाली आली. चाकाचा आरा तुटावा तसा आवाज झाला. काठी पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. दोन बोटं भलतीकडेच वळली.

तेव्हा बकुळा उठली.

"सोडा त्यांना," ती म्हणाली. "तो छर्रा मी मारला. वरच्या गच्चीवरून, गलोलीने."

एक शिपाई फिसकन हसला आणि सगळ्यांनाच हसू फुटलं. हसू दाबत तो म्हणाला, की माझी बायको असती तर म्हणाली असती, साहेब, आणखी दोन हाणा. फौजदारही हसला. बायकोच्या पदराआड लपणारा तू, गलोल काय धरणार, असं म्हणून तो बुधाजीच्या पायाजवळ थुंकला.

बुधाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस एक शब्द न बोललेली ही बाई आज त्याच्यासाठी फासात मान घालायला निघाली होती. तो घाईघाईने म्हणाला, की भाऊ गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही, तिच्याकडे लक्ष देऊ नका. मग त्याने चाक पुढे सरकवलं.

"तुमचा छर्रा त्या जागेत घाला, साहेब. चाक फिरलं तर मला न्या."

फौजदाराने रक्ताळलेला छर्रा अंगठ्याने दाबला. तो आत बसेना. शेजारच्या दोघांच्या खांद्यावर चढून राहिला. बुधाजीने डाव्या हाताने एक्सल घातला आणि कोन आवळला. फौजदाराने चाकाला हिसका दिला. चाक जागचं हललं नाही. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी नाही. बुधाजीने कोन सैल करून तो छर्रा काढला, पुन्हा कोन बसवला आणि चाकाला नुसतं बोट लावलं. चाक फिरलं, आणि बराच वेळ आवाज न करता फिरत राहिलं.

फौजदाराने फिरत्या चाकात काठी खुपसली. आरे फटाफट तुटले. चाक लाथेने उडवून तो शिपायांसकट बाहेर पडला.

बकुळाने लुगड्याची किनार फाडली आणि बुधाजीची मोडकी बोटं एकत्र बांधायला बसली. त्याला कळ सोसवत नव्हती, तरी तो हसायचा प्रयत्न करत होता.

"वेडी कुठली. त्याने खरं मानलं असतं म्हणजे? असं खोटं बोलतात का?"

तिने गाठ घट्ट मारली आणि मान वर न करता म्हणाली, "खोटं कुठं बोलले? नेम ह्या फौजदारावरच धरला होता. झिजलेला छर्रा वाकडा गेला, आणि त्या शिपाई पोराचा डोळा गेला."

तिने आपला तळवा त्याच्यापुढे धरला.

"फौजदार अजून नाक्यावरच उभा आहे. नव्यातला एक द्या."