डावं दार

“डावं दार,” लोसा म्हणाली. “अंकल, यात विचार कसला करताय?”

ग्रेमने हातातले तीन पत्ते पुन्हा खालीवर केले. टेबलावर दोन दारांचे दोन पत्ते मांडलेले होते. एका दारामागे दीपगृहवाल्याची हरवलेली पोर, एडा. दुसऱ्यामागे समुद्र, आणि त्यात बुडून मेलेली, तरी अजून चालणारी माणसं. दीड वर्ष दर रविवारी दुपारी नोलीनच्या स्वयंपाकघरात बसून तिघं एडाला शोधत होते. आजचा अध्याय बारावा, म्हणजे शेवटचा. या खेळात जिंकले तर सगळे जिंकतात आणि बुडाले तर सगळे बुडतात.

आणि दार उघडायची पाळी नेमकी ग्रेमची आली होती.

“विहिरीत कोण उतरलं होतं?” लोसाने विचारलं. “त्या मेलेल्या म्हातारीच्या हातचा चहा कोणी प्यायला?”

“तहान लागली होती मला.”

“अख्ख्या पोर्ट चाल्मर्समध्ये तुमच्याइतकं वाईट कोणी खेळत नसेल.”

“पार डनीडन शहरापर्यंत धर की,” नोलीन खुदकन हसून म्हणाली. “आणि ते चीज रोल संपवा. गार झाले तर चामडं होतं त्यांचं.”

नोलीन शहात्तर वर्षांची. तीस वर्षं ती बंदराच्या वायरलेसवर होती आणि ग्रेम जहाजं ओढून आणणाऱ्या टगबोटीवर. तिच्या आवाजावर त्याने किती जहाजं धक्क्याला लावली, त्याची मोजदाद नव्हती. तो आवाज अजून तसाच होता. गेल्या हिवाळ्यात तिने पत्ते घेणं सोडलं, गोष्टीचं पुस्तक वाचण्याचं काम तेवढं ठेवलं. नियम असा होता, की पुस्तक फक्त तिनेच उघडायचं आणि पुढचं पान आधी कोणीही बघायचं नाही. मधले सहा दिवस ते ग्रेमच्या घरी राही. “ही बाई चोरून पुढचं वाचेल, हिचा भरवसा नाही,” असं म्हणून त्यानेच ते नेलं होतं.

महिन्यापूर्वी लोसाला दिसलं होतं, की नोलीन वाचतेय, झरझर वाचतेय, आणि पुस्तक उलटं आहे.

शेजारी राहणारी लोसा दवाखान्यात नर्स होती. तिला वेगळं सांगायला नको होतं. आँटीला दिसत नाही आणि ती मनाने गोष्ट रचून सांगतेय, हे तिला त्याच क्षणी कळलं. नोलीनच्या लेकीने ब्रिस्बेनहून स्पष्ट सांगितलं होतं, की डोळे गेले तर घर विकायचं आणि तिकडच्या वृद्धाश्रमात जायचं. त्यावर नोलीन म्हणाली होती, “या टेबलावरून मला उठवलं ना, की मी संपले.” लोसाने तोंडाला कुलूप लावलं. तिला धास्ती होती ती ग्रेमची. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याच्या लक्षात आलं तर संध्याकाळपर्यंत बंदरभर झालं असतं.

“उजवं,” ग्रेम म्हणाला.

“काय?”

“उजवं दार उघडतो.”

“अहो, अकरा अध्याय ओरडून सांगतायत की डावं! भिंतीवरचा हात डावा, पायांचे ठसे डावीकडे गेलेले!”

“माझी पाळी आहे ना? मग उजवं.”

त्याने उजव्या दाराचा पत्ता उलटला. समुद्र. लोसाने कपाळावर हात मारला. दीड वर्ष पाण्यात गेलं होतं आणि तिला खरंच रडू येत होतं. तरी तिने नियम मोडून, मजकुरावर नजर न टाकता, पुस्तकातलं ते पान उघडलं आणि कोणाच्या लक्षात येऊ न देता सुलट करून नोलीनपुढे सरकवलं.

नोलीनने दोन्ही तळवे पानांवर ठेवले.

“दिवा विझला तेव्हा कोणी ओरडलं नाही,” ती वाचू लागली. “एडाने बेटाकडे पाठ फिरवली आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसांना एकेकाच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. शेवटची तीन नावं तुमची होती.”

ती कुठे अडखळली नाही. ग्रेम तिच्या ओठांकडे बघत बसला होता. संपलं तेव्हा त्याने मोठ्याने नाक शिंकरलं. लोसाचा राग निम्मा उतरला. हरावं तर असं, तिला वाटलं.

खाली बंदरात भोंगा वाजला.

“कोणतं जहाज रे?” नोलीनने विचारलं.

“चल बाहेर ओट्यावर, सांगतो,” म्हणत ग्रेमने तिचा दंड धरला.

लोसा पत्ते आवरत राहिली. खेळ संपला होता, म्हणजे आता पुस्तक कोणीही उघडावं. नोलीनने रचलेल्या शेवटाच्या जागी खरा शेवट काय होता, ते तिला बघायचं होतं. आणि डाव्या दारामागचं वाचून ग्रेमला चांगलं सुनावायचं होतं.

तिने उजव्या दाराचं पान काढलं. ‘दिवा विझला तेव्हा कोणी ओरडलं नाही.’ तिने शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून. नोलीनने एकही शब्द रचलेला नव्हता.

लोसाने पान उलटलं. डाव्या दाराचा शेवट बारीक टायपात सात पानं होता. वरच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने, ग्रेमच्या ठोकळ्यांसारख्या अक्षरात लिहिलं होतं: ‘तीन आठवडे रोज वाचून दाखवलं. हे तिला पाठ होत नाहीये. डावं दार उघडायचं नाही.’