नारळाचं शूटिंग

वर्षालीनं नारळ हातात घेतला आणि मशीनसमोर उभी राहिली. बबनरावांनी कॅमेरा सरसावला.

खंडेनवमी होती. चाकणच्या त्या वर्कशॉपमध्ये मशिनी झेंडूच्या माळा घालून गप्प बसल्या होत्या. तिथली रीत अशी, की मशीन ज्याच्या हाताखाली त्यानंच त्यापुढं नारळ फोडायचा. आजवर हा मान पुरुषांनीच घेतला होता. बाईमाणूस यंदा पहिलंच.

त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडत, पण मोबाइल गेटवर जमा. म्हणून मालक अण्णासाहेबांनी ऑफिसातला जुना व्हिडिओ कॅमेरा बबनरावांच्या हाती दिला होता. "लेकीचं शूटिंग बापानंच करायचं. बटण दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. झालं!"

बबनरावांना ते शूटिंग हवंच होतं. गावाकडे त्यांचे थोरले बंधू आबाजी चारचौघांत म्हणत, "पोरगी कंपनीत झाडू मारत आसंल, अन् ह्यो सांगतोय मशीन चालवती." दिवाळीला आबाजींचं तोंड बंद केल्याशिवाय बबनरावांना फराळ गोड लागणार नव्हता.

त्यांनी बटण दाबलं. वर्षालीनं एका दणक्यात नारळ फोडला. टाळ्या झाल्या. बबनरावांचा ऊर असा भरून आला की हातात कॅमेरा आहे हेच ते विसरले. ती खोबरं वाटू लागली तेव्हा कुठं त्यांना बंद करायची आठवण झाली, आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

ऑफिसात कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला. सगळे कौतुकानं जमले. पाहतात तो नुसते दोन फोटो! कॅमेऱ्याची कळ फोटोवरच राहिली होती. वर्षातून एकदा कपाटाबाहेर येणाऱ्या कॅमेऱ्याची कळ बघणार कोण? पहिल्या फोटोत नारळ अख्खा, दुसऱ्यात ताटात खोबरं. फोडण्याचा पत्ताच नाही.

बबनराव मटकन खुर्चीत बसले. "वाटोळं केलं म्या. आता काय दाखवू आबाला?"

"आसू द्या ओ पप्पा. दुसरा नारळ फोडते."

"खंडेनवमीचा नारळ दोनदा फुटत नसतोय, बाळा."

अण्णासाहेबांनी दुसरा फोटो मोठा केला. वर्षाली फोरमनच्या हातावर खोबरं ठेवत होती. तिच्यामागं मशीनवरची पाटी दिसत होती. बबनराव उठले, अगदी जवळ गेले आणि पडद्यावर बोट फिरवत एकेक अक्षर वाचू लागले.

"ऑपरेटर... वर्षाली... बबन... गरड."

उभ्या आयुष्यात त्यांनी कंपन्यांमधून ओझी वाहिली होती. मशीनवर त्यांचं नाव लागलं ते आजच. त्यांना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

"साहेब," शेवटी उपरण्यानं डोळे पुसत ते म्हणाले, "शूटिंग ऱ्हाऊ द्या. ह्यो फोटो काढून द्या. चांगला दारायेवढा. आबाला बारीक दिसत नाही."