भिंतीवरची हळद

"वस्ताद, लवकर चोळा. अर्ध्या तासात फायनल हाय," म्हणत अभिनंदन बाकावर पालथा पडला. आमच्या पेठेच्या फुटबॉल टीमचा एक नंबर फॉरवर्ड. उजव्या मांडीची मागची शीर पंधरा दिवसांमागं ताणलेली.

मी हळदीच्या लेपाची वाटी घेतली आणि सवयीनं भिंतीकडं बघितलं. तालमीच्या भिंतीवर मी कोळशानं एक पाठमोरा माणूस काढलाय. ज्याचं जे दुखावतं, तिथं लेपाचं बोट टेकवायचं. मला लिवता येत न्हाई, म्हणून ही युगत. तीन हंगामांत गुडघ्यावर पाचसहा ठिपके, घोट्यावर तेवढेच. मांडीची मागची बाजू मात्र पिवळीधम्मक. असं का, हे कोडं सुटत नव्हतं.

"अभ्या, ह्यात तुझे ठिपके किती रं?"

"चार. तुम्ही चोळलं की दुखणं गायब, लगेच मी ग्राउंडात."

"आणि मग?"

"मग शीर परत धरती की." तो हसला. "हात सोन्याचा हाय तुमचा, पर टिकत न्हाई."

मी एकेक ठिपका आठवत गेलो. हे दोन संग्रामचे, हे तीन तौफिकचे. सगळे माझ्या हाताखालनंच उठून पळालेले. शीर बरी झालीच नव्हती. मी नुसतं तिचं ओरडणं बंद करत होतो.

मी वाटी खाली ठेवली.

"चोळा की वस्ताद!"

"आज न्हाई. दुखू दे."

तो चिडून उठला, दोन पावलं लंगडला, आणि मला शिव्या घालत बुटाची लेस सोडायला लागला.